वाचकांचे प्रश्न : नक्षत्रे, तिथी आणि अक्षरे

या अंकात इंदूर, ग्वाल्हेर आणि बडोद्याच्या वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देत आहोत. सगळ्या प्रश्नांचा रोख एकच आहे: आकाश, पंचांग आणि लिपी यांचे नाते नेमके काय?

नातीचा जन्म आर्द्रा नक्षत्राच्या तिसऱ्या चरणावर झाला. मोबाइलवरच्या ॲपने नावाचे अक्षर 'ङ' दिले. ङ वरून नाव कसे ठेवायचे? आणि आपली अक्षरे नक्षत्रांतूनच निघाली, असे ऐकले ते खरे का?
— एक आजी, सुदामा नगर, इंदूर

नावाचे आधी सांगतो. ङ, ञ, ण यांवरून नाव सुरू होत नाही हे जुन्या ज्योतिषांनाही ठाऊक होते. त्यांच्या जागी अनुक्रमे ग, ज, ड घ्यावे असा संकेत आहे. म्हणजे तुमच्या नातीला 'ग'वरून नाव चालेल. गौरी, गार्गी, गायत्री, हवे ते ठेवा.

आता अक्षरांचे. ही अक्षरे अवकहडा चक्रातून, म्हणजे नक्षत्राच्या प्रत्येक चरणाला (चौथ्या भागाला) एक अक्षर देणाऱ्या तक्त्यातून, येतात आणि हे चक्र कागदावर दहा मिनिटांत मांडता येते. पाच ओळी आणि पाच स्तंभ आखा. ओळींना अ, व, क, ह, ड ही अक्षरे द्या आणि स्तंभांना अ, इ, उ, ए, ओ हे स्वर. पंचवीस घरे भरतात. बरोबर मधल्या घरात 'कु' येतो. त्याच्यापुढे तीन जादा अक्षरे लिहा: घ, ङ, छ. एकूण २८ झाली. आता पहिल्या ओळीपासून सलग वाचत चार-चारचे गट पाडा. अ इ उ ए म्हणजे कृत्तिका, ओ व वि वु म्हणजे रोहिणी, वे वो क कि म्हणजे मृग, कु घ ङ छ म्हणजे आर्द्रा. असेच पुढे आश्लेषेपर्यंत सात नक्षत्रे होतात. असे चार तक्ते करायचे. दुसऱ्यात म ट प र त आणि मधल्या 'पु'पुढे ष ण ठ, तिसऱ्यात न य भ ज ख आणि 'भु'पुढे ध फ ढ, चौथ्यात ग स द च ल आणि 'दु'पुढे थ झ ञ. जादा अक्षरे नेहमी मधल्या घरात पडतात. म्हणून दर सातांतल्या चौथ्या नक्षत्राच्या, म्हणजे आर्द्रा, हस्त, पूर्वाषाढा आणि उत्तरा भाद्रपदा यांच्या, वाट्याला ही अवघड अक्षरे येतात. तुमच्या नातीचा 'ङ' तिथूनच आला.

चार तक्ते गुणिले २८ म्हणजे ११२, आणि २८ नक्षत्रांचे चार-चार चरण म्हणजेही ११२. इथे लोक हमखास दोन ठिकाणी अडखळतात. अश्विनीपासून सुरुवात केली तर 'अ' जुळतच नाही, कारण मांडणी कृत्तिकेपासून आहे. आणि अभिजित वगळले तर जु जे जो ख ही चार अक्षरे उरतात. अभिजित म्हणजे उत्तराषाढेचा शेवटचा चतुर्थांश आणि श्रवणाचा पहिला पंधरावा भाग. सत्तावीस नक्षत्रांच्या आजच्या गणनेत त्याला वेगळी जागा नाही. ब हा व-मध्ये आणि श हा स-मध्ये धरतात, म्हणून ते तक्त्यात शोधू नका.

यावरूनच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळते. जिथे व्यंजने आणि स्वर आधीच वेगळे केलेले आहेत तिथेच असा तक्ता आखता येतो. म्हणजे वर्णमाला तयार होती, ती नंतर आकाशावर बसवली. नक्षत्रांतून अक्षरे निघालेली नाहीत. बसवताना सुरुवात मात्र कृत्तिकेपासून केली. तैत्तिरीय संहितेतली नक्षत्रांची यादीही कृत्तिकेपासूनच सुरू होते. बारशाच्या नावात इतकी जुनी परंपरा टिकून आहे, आणि ती जपण्यासारखी आहे असे आम्हाला मनापासून वाटते.

एक खबरदारी. चरण ३ अंश २० कलांचा असतो आणि चंद्राला तो ओलांडायला सरासरी सहा तास लागतात. ॲप सायन (ऋतूंशी जोडलेल्या) पद्धतीवर असेल तर सुमारे २४ अंशांचा, म्हणजे जवळजवळ दोन नक्षत्रांचा फरक पडतो. निरयन (ताऱ्यांशी जोडलेल्या) पद्धतीतही चित्रापक्ष आणि टिळक पंचांगाचा रैवतपक्ष या आरंभबिंदूच्या दोन मतांत सुमारे ४ अंशांचे अंतर आहे, तेवढ्याने चरण बदलतो. घरात जे पंचांग चालते त्याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय ॲपचे अक्षर कायम करू नका.

'अ' हे अक्षर म्हणजे वृषभ राशीचे डोके आणि सगळी लिपी राशिचक्रातून आली, असे सांगणारी एक चित्रफीत फिरते आहे. त्यात तथ्य किती?
— एक निवृत्त शिक्षक, इंदूर

बैलाचे डोके खरे आहे, राशी खरी नाही. सिनाईतल्या सेराबित अल-खादिम इथल्या फिरोजाच्या खाणींजवळ पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांना १९०५ साली काही लेख सापडले. इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकाच्या पूर्वार्धातल्या या लेखांत बैलाचे डोके 'अलेफ' या अक्षरासाठी, घर 'बेथ'साठी, पाणी 'मेम'साठी आणि डोळा 'अयिन'साठी आहे. इजिप्तच्या चित्रलिपीतली चिन्हे घ्यायची आणि वस्तूच्या नावातला फक्त पहिला ध्वनी ठेवायचा, अशी ही युक्ती होती. घर, पाणी, डोळा यांना राशिचक्रात जागा नाही. शिवाय बारा समान भागांचे राशिचक्र बाबिलोनमध्ये इ.स.पू. पाचव्या शतकात तयार झाले, म्हणजे या अक्षरांनंतर हजाराहून अधिक वर्षांनी. वृषभाचा तारकासमूह स्वतः जुना आहे, त्यामुळे गोंधळ होतो. पण एक तारकासमूह जुना असणे वेगळे आणि बारा राशींचा क्रम असणे वेगळे.

लिपीचा आरंभ शोधायचा तर आकाशाआधी कोठारात जावे लागते. मेसोपोटेमियातल्या उरुक इथे इ.स.पू. ३३००-३२००च्या सुमाराच्या मातीच्या पाट्या मिळाल्या आहेत. त्यांतल्या बहुतेक जव, मेंढ्या, बिअर आणि मजुरांच्या शिध्याच्या नोंदी आहेत. आणि तिथेच आकाश हिशेबात शिरते, कारण शिधा द्यायचा तर किती दिवसांचा हे लिहिणे भाग आहे. 'दिवस' या चिन्हाचे मूळ डोंगरांमधून वर येणाऱ्या सूर्याच्या चित्रात आहे. पुढच्या कीलाकार लिपीत त्याच चिन्हाच्या पोटात दहाच्या तीन खुणा घातल्या की 'महिना' होतो. खरा चांद्रमास २९.५३ दिवसांचा, पण कारकुनांनी हिशेबाचा महिना सरसकट ३० दिवसांचा आणि वर्ष ३६० दिवसांचे धरले. चांदणीच्या आकाराचे एक चिन्ह 'आकाश' आणि 'देव' या दोन्हींसाठी होते. तशा तीन चांदण्या एकत्र जोडल्या की 'तारा'. चीनमध्ये अन्यांगच्या हाडांवरचे लेख इ.स.पू. १२५०च्या सुमारास सुरू होतात. त्यांत १० आणि १२ चिन्हांच्या जोड्यांनी ६० दिवसांचे चक्र मोजलेले दिसते, आणि चंद्रग्रहणाच्या नोंदीही आहेत.

चित्रफितीत तारीख सांगितली आहे का, एवढे पाहत जा. असे बहुतेक दावे कालक्रमाच्या पहिल्याच प्रश्नाला कोसळतात.

सिंधू मुद्रांवरचा मासा म्हणजे तारा, हे सिद्ध झाले आहे का?
— एक विद्यार्थिनी, बडोदा

नाही. इतिहास-संशोधक फादर हेरास यांनी सुचवलेली आणि सिंधू लिपीचे अभ्यासक आस्को पार्पोला यांनी विस्ताराने मांडलेली ही कल्पना आहे. द्रविड भाषांत 'मीन' म्हणजे मासा आणि ताराही, म्हणून सहा रेषा व मासा म्हणजे कृत्तिका, सात रेषा व मासा म्हणजे सप्तर्षी. कल्पना सुंदर आहे, पण लेखांत सरासरी पाचच चिन्हे असतात आणि दोन लिपींतला एकही लेख हाती नाही. तोवर ती कल्पनाच म्हणायची.

सगळीकडे कृत्तिकाच पहिली का? आजही काही पडताळून पाहता येईल का?
— आकाशदर्शनाचा छंद असलेला एक वाचक, इंदूर

येईल, आणि इंदुरात तर विशेष सोयीने. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, असे शतपथ ब्राह्मणात म्हटले आहे. म्हणजे त्या काळी त्या आकाशातल्या विषुववृत्तावर होत्या. भारतीय ज्योतिषाचे इतिहासकार शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी यावरून इ.स.पू. ३०००च्या सुमाराचा काळ काढला. गणित सोपे आहे. मार्चमध्ये दिवस-रात्र समान होताना सूर्य जिथे असतो तो संपातबिंदू तेव्हा कृत्तिकांजवळ होता; तेव्हापासून तो सुमारे ६९ अंश सरकला आणि एका अंशाला ७२ वर्षे लागतात, म्हणजे जवळजवळ पाच हजार वर्षे. हा त्या निरीक्षणाचा काळ. तो ग्रंथाच्या रचनेचाही मानावा का, यावर अभ्यासकांचे एकमत नाही, आणि जुने वाक्य नव्या ग्रंथात येऊ शकते हे आम्हालाही पटते.

आज कृत्तिका इंदुरात पूर्वेच्या सुमारे २६ अंश उत्तरेला उगवतात. २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरला सूर्य जिथून उगवतो ती जागा गच्चीवरून एखाद्या खुणेने धरून ठेवा, तीच खरी पूर्व. मग नोव्हेंबरमध्ये संध्याकाळी कृत्तिका पाहा. क्षितिजालगतच मोजा. दहा अंश वर आल्या की त्या दक्षिणेकडे कलतात आणि फरक २२ अंशांच्या आसपास दिसतो. कार्तिकी पौर्णिमेला चंद्र शेजारीच असतो, म्हणून तो आठवडा टाळा. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री साडेबाराच्या सुमारास त्या डोक्यावर, खमध्यापासून फक्त दीड अंशावर असतात. साडेबारा का, तर इंदूरची स्थानिक वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे २७ मिनिटे मागे आहे.

दुसरा पडताळा बाबिलोनी आहे. 'मुल-अपिन' या तारकासंहितेत अधिकमासाचा नियम दिला आहे: वर्षाच्या पहिल्या दिवशी चंद्र आणि कृत्तिका एकत्र असतील तर वर्ष साधे, तिसऱ्या दिवशी एकत्र आले तर महिना वाढवा. संपातचलनामुळे आणि वर्षारंभ वेगळा असल्यामुळे हे आकडे आपल्याला लागू नाहीत, पण तत्त्व अजून चालते. गुढीपाडव्यानंतर चंद्र कृत्तिकांजवळ साधारण तिसऱ्या ते सहाव्या तिथीला पोहोचतो. तिथी जितकी पुढची, तितका अधिकमास जवळ. शके १९४८ मध्ये, म्हणजे २०२६ साली, ही गाठ चैत्र शुद्ध पंचमीची, आणि त्याच वर्षी १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ.

रंगपंचमीची गेर (मिरवणूक) एकाच दिवशी निघते, मग आमच्या पंचांगात फाल्गुन आणि शेजाऱ्यांच्या पंचांगात चैत्र कसा?
— एक गृहिणी, राजवाडा परिसर, इंदूर

आपला महिना अमावास्येला संपतो, हिंदी पंचांगाचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोन्हींकडे महिन्याचे नाव एकच, वद्य पक्षात त्यांचे नाव एक महिना पुढे. म्हणून पितृपक्ष आपल्याकडे भाद्रपद वद्य, त्यांच्याकडे आश्विन कृष्ण. श्राद्धतिथी किंवा जन्मतिथी लिहून ठेवताना कोणत्या पंचांगाचा महिना ते जरूर लिहा, नाहीतर पुढच्या पिढीत तिथी महिनाभर सरकते. अधिकमासात आणखी जपा. हिंदी पद्धतीत तो नेहमीच्या महिन्याच्या दोन पक्षांच्या मध्ये शिरतो, म्हणून २०२६ मध्ये ज्येष्ठ कृष्ण आधी, मग अधिक महिना, मग ज्येष्ठ शुक्ल. वर्षाचा आकडा हवा तर शकात १३५ मिळवा, विक्रम संवत मिळतो. गुजरातेत मात्र संवत दिवाळीनंतर बदलतो, म्हणून बडोद्याला चैत्रापासून दिवाळीपर्यंत एक कमी धरावा.

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरच्या 'शून्याच्या' लेखातली तिथी इसवी सनात कशी बदलायची?
— एक वाचक, ग्वाल्हेर

किल्ल्याच्या चढावरील चतुर्भुज मंदिरातला हा लेख आहे. त्यात २७० हात लांब आणि १८७ हात रुंद बागेचा आणि रोजच्या ५० माळांचा उल्लेख आहे. २७० आणि ५० मधली छोटी वर्तुळे, म्हणजे शून्ये, पाहायला जगभरचे अभ्यासक येतात. तिथी शब्दांत आणि अंकांतही दिली आहे: संवत ९३३, माघ शुद्ध द्वितीया. ९३३ मधून ५७ वजा करून ८७६ मिळते आणि तेच सगळीकडे छापले जाते. पण माघ जानेवारी-फेब्रुवारीत येतो, तेव्हा इसवी सनाचा आकडा बदललेला असतो. चैत्रादी (चैत्रात सुरू होणारा) संवत धरला आणि ९३३ हे चालू वर्ष मानले, तर तिथी ८७६च्या आरंभी पडते. तेच गत वर्ष (पूर्ण झालेल्या वर्षांचा आकडा) मानले, तर ८७७च्या आरंभी. कोणताही जुना लेख वाचताना पौष, माघ, फाल्गुन दिसले की ५७ऐवजी ५६ वजा करावे लागतील का, हे आधी तपासा.