रोलआउट अनडू करूनही कुबरनेटिसवरची सेवा उठत नसेल तर

कुबरनेटिसवर (कंटेनर चालवणारी व्यवस्था) नवी आवृत्ती चढवली, सेवा पडली, आणि 'रोलआउट अनडू' (मागच्या आवृत्तीवर नेणारी कमांड) मारूनही पॉड (ज्यात कंटेनर चालतात ते एकक) उभे राहत नाहीत, असं तुम्ही विचारलंय. अनडू फक्त डिप्लॉयमेंटमधला (पॉड कसे आणि किती चालवायचे याची नोंद) पॉड टेम्प्लेट, म्हणजे पॉडचा साचा, मागे नेतं. कॉन्फिगमॅप (सेटिंग), सीक्रेट (पासवर्डसारखी गुप्त माहिती), रेप्लिकांची (पॉडच्या प्रतींची) संख्या, डेटाबेसचा स्कीमा (टेबलांची रचना) यांना ते हातही लावत नाही. जुना कोड नव्या सेटिंगवर आपटतोय, असं बहुतेक वेळा निघतं.

आधी एक गोष्ट: घाबरून अनडू पुन्हा मारू नका. समजा रिव्हिजन (आवृत्तीचा क्रमांक) ३ चांगली होती आणि ४ बिघडलेली. पहिल्या अनडूनंतर ३ ची ५ होते, यादीतून ३ हा आकडाच गायब. दुसरं अनडू तुम्हाला परत ४ वर नेऊन ठेवतं! म्हणून 'रोलआउट हिस्टरी' बघून 'टू-रिव्हिजन'मध्ये नेमका आकडा द्या. मुळात १० जुन्या रेप्लिकासेट (प्रत्येक रिव्हिजनचे पॉड सांभाळणारी नोंद) ठेवल्या जातात. कुणी ती मर्यादा शून्य केली असेल तर मागे जायला काहीच उरत नाही.

मग पॉडची अवस्था बघा. 'इमेजपुलबॅकऑफ' (इमेज उतरवता येत नाही) असेल तर इमेजचा जुना टॅग रजिस्ट्रीतून (इमेजचं कोठार) साफ झालाय का, किंवा लॉगिनचं सीक्रेट बदललंय का, ते तपासा. 'लेटेस्ट' टॅग वापरत असाल तर अनडूला अर्थच नाही, टेम्प्लेट दोन्हीकडे तोच, त्याऐवजी डायजेस्ट (इमेजची न बदलणारी ओळख) लिहा. 'क्रॅशलूपबॅकऑफ' (कंटेनर पुन्हा पुन्हा पडतोय) असेल तर 'लॉग्ज'ला 'प्रीव्हियस' जोडा, नाहीतर मेलेल्या कंटेनरचे शेवटचे शब्द हाती लागत नाहीत. एक्झिट कोड १३७ आणि कारण 'ओओएमकिल्ड' म्हणजे मेमरीची मर्यादा कमी पडली. पॉड 'रनिंग' पण रेडी ०/१, तर रेडिनेस प्रोबचा (पॉड तयार आहे का याची तपासणी) पाथ आणि पोर्ट बघा. तोवर सर्व्हिस तिकडे ट्रॅफिक पाठवत नाही.

कॉन्फिगमॅप दुरुस्त केल्यावर 'रोलआउट रीस्टार्ट' विसरू नका. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल कंटेनर सुरू होतानाच वाचले जातात. शिवाय क्रॅशनंतर पुन्हा सुरू करण्याआधीचा थांबा १० सेकंदांपासून दुप्पट होत ५ मिनिटांपर्यंत जातो, त्याची वाट कशाला बघायची?

मायग्रेशनने (डेटाबेसची रचना बदलणारी स्क्रिप्ट) कॉलम उडवला असेल तर मागे जाण्यापेक्षा पुढची दुरुस्त आवृत्ती काढणं बरं. डिप्लॉयमेंटच डिलीट झाली असेल तर रेप्लिकासेटही सोबत गेल्या. गिटमधली यामल फाइल 'अप्लाय' करा.

आणि आर्गो सीडीसारखं (क्लस्टर गिटशी जुळवून ठेवणारं साधन) काही सेल्फ-हील (फरक दिसला की आपोआप दुरुस्ती) लावून चालू असेल, तर आधी गिटमधला कमिट रिव्हर्ट करा. नाहीतर तुमचं अनडू ते थोड्याच वेळात पुसून टाकेल.