सराव लँडिंगचा होता, मग विमान टेकऑफनंतर कसं पडलं?

प्रश्न: माझी मुलगी पायलटचं ट्रेनिंग घेतेय, नुकतीच सोलो, म्हणजे इन्स्ट्रक्टरशिवाय एकटी, उडायला लागलीये. लँडिंगचा सराव करणारं एक छोटं विमान टेकऑफनंतर लगेच कोसळलं अशी बातमी वाचली आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. सराव उतरायचा होता ना, मग चढताना कसं पडलं? आणि धावपट्टी तर मागेच होती, वळून परत का नाही आला तो? मुलगी म्हणते आई तू टेन्शन घेऊ नकोस, पुढे काही सांगत नाही.

उत्तर: ताई, तुमची शंका अगदी बरोबर जागी आहे. या सरावाला टच अँड गो म्हणतात, म्हणजे चाकं टेकली की थांबायचं नाही, तसंच पळत पुन्हा उडायचं, साधारण हजार फुटांवरून चौकोनी चक्कर मारून परत उतरायचं आणि हे एका तासात कितीतरी वेळा. त्यामुळे जितकी लँडिंग तितके टेकऑफ, आणि तो टेकऑफसुद्धा घाईतला.

घाई कसली ते सांगते. उतरताना विमानाची मांडणी वेगळी असते. सेस्ना 172 हे शिकवायला वापरतात ते छोटं विमान धरा, उतरताना फ्लॅप्स, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या खाली वळणाऱ्या पट्ट्या, पूर्ण खाली, मॉडेलनुसार 30 किंवा 40 अंश, आणि उडताना मात्र 0 ते 10. ट्रिम, म्हणजे हातांनी सतत जोर न लावता नाक हवं तिथे धरून ठेवणारी सोय, नाक वर धरायला लावलेला असतो, कार्बोरेटरवालं इंजिन असेल तर त्यात बर्फ साचू नये म्हणून त्याची हीटही चालू असते. हे सगळं धावपट्टीवर पळता पळता काही सेकंदांत बदलायचं, वर विमान सरळही ठेवायचं, कारण पूर्ण पॉवर दिली की ते डावीकडे ओढतं आणि उजवा रडर, म्हणजे शेपटीचा सुकाणू फिरवणारं पायाचं पेडल, दाबावा लागतो. ट्रिम तसाच राहिला तर पॉवर देताच नाक आपोआप वर उसळतं, हातांनी जोर लावून दाबून धरावं लागतं, आणि फ्लॅप्सही खालीच असतील तर विमान धड चढत नाही, वेग पडत जातो आणि स्टॉल होतो, म्हणजे पंखांची उचलच एकदम घटते. शंभर-दोनशे फुटांवर स्टॉल झाला तर सावरायला उंचीच नसते हो.

आता वळून येण्याचं. समजा इंजिनच बंद पडलं. 70 नॉट, म्हणजे ताशी साधारण 130 किलोमीटर वेगाने, 30 अंश कलवून पूर्ण उलटं फिरलं तरी विमान धावपट्टीच्या रेषेपासून साडेचारशे मीटर बाजूला निघतं, म्हणजे अजून वळा, मग परत उलटं वळून रेषेत या, आणि हे सगळं इंजिनाशिवाय खाली येत असताना. घाबरून जास्त कलवलं तर आणखी वाईट, 45 अंशाला स्टॉल स्पीड साधारण 19 टक्क्यांनी वाढतो. म्हणून शिकवतात की आधी नाक खाली, वेग सांभाळा आणि समोर किंवा थोडं डावी-उजवीकडे जे मोकळं दिसेल तिथे उतरा, विमान मोडलं तरी चालेल. मागे धावपट्टी आहे हे माहीत असताना समोरच्या शेतात जायचं हे मनाला किती जड जात असेल, त्यामुळे ते आधीच ठरवून ठेवावं लागतं, वर गेल्यावर ठरवायला वेळ नसतो.

मुलीला टेन्शनचं विचारू नका, हे विचारा: प्रत्येक टेकऑफआधी इंजिन गेलं तर काय करणार ते तू मोठ्याने बोलतेस का? आणि सोलोमध्ये टच अँड गो ऐवजी पूर्ण थांबून, टॅक्सी करत, म्हणजे जमिनीवरूनच हळू चालवत, परत येऊन उडायचं असं इन्स्ट्रक्टरशी बोलून ठरवता येईल का? चकरा कमी होतात, पैसे जास्त जातात, पण फ्लॅप्स-ट्रिम शांतपणे बघता येतं. माझं स्पष्ट मत आहे की नवीन सोलो पायलटने हेच करावं.

प्रश्न: छोट्या विमानात ब्लॅक बॉक्स नसतो ना, मग कारण कळतं कसं?

उत्तर: बहुतेक ट्रेनर विमानांत नसतो, पण अवशेष बरंच बोलतात. प्रोपेलरची पाती कशी वाकली यावरून पडताना इंजिन पॉवर देत होतं का ते कळतं, फ्लॅप्स फिरवणाऱ्या स्क्रूची लांबी मोजून ते किती खाली होते ते कळतं, ट्रिम आणि इंधनाचा कॉक कुठे होता तेही बघतात, जीपीएस असेल तर त्यातला डेटा काढतात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, म्हणजे आयकाओ या संयुक्त राष्ट्रांच्या विमान वाहतूक संस्थेच्या ॲनेक्स 13 प्रमाणे, ही चौकशी दोष कोणाचा ते ठरवायला नसतेच, पुढचा अपघात टाळायला असते. त्यामुळे रिपोर्ट येईपर्यंत मेलेल्या पायलटवर खापर फोडू नका प्लीज, घरचे लोक ते सगळं वाचत असतात.