सुभेदार साहेबांचा शब्द आणि लेफ्टनंटचा आदेश

सैन्यदलातील अधिकारी आणि जवान यांच्याकडून नेतृत्व व व्यावसायिक प्रगतीविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे आणि पलटणी त्यांच्या विनंतीवरून वगळल्या आहेत.

प्रश्न: डेहराडूनच्या अकादमीतून बाहेर पडून मी सहा महिन्यांपूर्वी एका इन्फंट्री बटालियनमध्ये लेफ्टनंट म्हणून दाखल झालो. कंपनी कमांडर रजेवर असल्याने सध्या कंपनी माझ्याकडे आहे. आमच्या सीनियर जेसीओ (जवानांमधून बढती मिळालेले ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) सुभेदार साहेबांची नोकरी जवळजवळ माझ्या वयाएवढी आहे. मी आदेश देतो, ते ‘जी साहब’ म्हणतात. पण जवान त्यांच्या चेहऱ्याकडे पाहूनच हलतात. अधिकार माझ्या हातात कसा यावा?

उत्तर: अधिकार तुम्हाला कमिशनबरोबर, म्हणजे अधिकारीपदाच्या नेमणुकीबरोबर, मिळालेलाच आहे, त्यामुळे तो सुभेदार साहेबांकडून काढून घेण्याचा प्रश्न उद्भवत नाही. जवान त्यांच्याकडे पाहतात, कारण कोणाची रजा का अडली, कोणाच्या घरी जमिनीचा वाद चालू आहे, कोणाचा गुडघा चढणीवर दुखतो आणि तो ते लपवतो, हे त्यांना कित्येक वर्षांपासून ठाऊक आहे. सहा महिन्यांत तुम्हाला ते ठाऊक असणे शक्य नाही आणि तशी अपेक्षाही कोणी करत नाही.

तरुण अधिकारी या टप्प्यावर दोन प्रकारे घसरतात. काही जण आपला हुद्दा सिद्ध करण्यासाठी रोल कॉलच्या वेळी, सर्वांसमोर, सुभेदार साहेबांचे म्हणणे खोडून काढतात; त्या दिवसापासून त्यांना कोणीही खरी बातमी सांगत नाही. दुसरे काही जण सगळेच सुभेदार साहेबांवर सोपवून कागदांवर सह्या करत राहतात. माझ्या मते हा दुसरा प्रकार अधिक घातक आहे, कारण तो सर्वांनाच सोयीचा असतो आणि कंपनी शांतपणे चालू असेपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही. रात्रीच्या गस्तीत रस्ता चुकतो आणि सगळे निर्णयासाठी तुमच्याकडे वळतात, तेव्हा मात्र तो उघडा पडतो.

म्हणून कामाची वाटणी मनाशी स्पष्ट करा. ड्यूटीचे रोस्टर, रजेची पाळी, बॅरेकीतील शिस्त, लंगरमधील (जवानांच्या भोजनगृहातील) तक्रारी या बाबतींत त्यांचा सल्ला शक्यतो मान्य करा. योजना, निर्णय आणि त्याचे परिणाम हे मात्र तुमचे आहेत. आदेश देण्याच्या अर्धा तास आधी त्यांना एकट्याने बोलावून ‘साहेब, मी असे योजले आहे, यात काय चुकते?’ असे विचारा, त्यांचे पूर्ण ऐकून घ्या, निर्णय करा आणि मग तो सर्वांसमोर तुम्हीच सांगा. त्यांच्या सल्ल्याने काम फसले, तरी सीओ साहेबांपुढे (बटालियनच्या प्रमुखांपुढे) त्यांचे नाव घेऊ नका. ही एक गोष्ट पलटणीत कोणी न सांगताही सर्वांना कळते.

याशिवाय शारीरिक क्षमतेच्या चाचणीत आणि फायरिंगमध्ये कंपनीतील पहिल्या फळीत राहा, आणि कडाक्याच्या थंडीत पहाटे संतरी तपासायला स्वतः जा. जवानांची नावे, गावे आणि घरची माणसे महिन्याभरात ओळखीची व्हायला हवीत. वहीत टिपून पाठ केलेली माहिती जवान लगेच ओळखतात, हे जाता जाता सांगून ठेवतो. 1932 साली अकादमीच्या उद्घाटनप्रसंगी फील्ड मार्शल चेटवूड यांनी सांगितलेला क्रम, म्हणजे आधी देश, मग तुमची माणसे आणि सर्वांत शेवटी तुम्ही, तुम्हाला तोंडपाठ असणारच. त्यातील मधली पायरी सर्वांत अवघड असते आणि तिची परीक्षा लढाईच्या कितीतरी आधी, तंबू आणि बुखारी (तंबू गरम ठेवणारी शेगडी) कोणाला मिळणार हे ठरवताना होते.

प्रश्न: मी सातारा जिल्ह्यातील असून 24 वर्षांचा नायक (हवालदाराच्या खालचा हुद्दा) आहे. बारावी उत्तीर्ण आहे. मला अधिकारी व्हायचे आहे. पण सहकारी म्हणतात की जवानाचा एसएसबीत (अधिकारी निवडणाऱ्या मंडळापुढे) निभाव लागत नाही, त्यापेक्षा हवालदारपदाच्या प्रमोशन कॅडरकडे (बढतीसाठीच्या प्रशिक्षणाकडे) लक्ष द्यावे. काय करावे?

उत्तर: दोन्ही करावे. आर्मी कॅडेट कॉलेज, म्हणजे एसीसी, हा मार्ग सेवेतील जवानांसाठीच आहे. पूर्वी पुण्यात असलेले हे कॉलेज आता डेहराडूनला आहे. तेथे तीन वर्षांत पदवी आणि त्यानंतर भारतीय सैन्य अकादमीत एक वर्षाचे प्रशिक्षण अशी त्याची रचना आहे. वयोमर्यादा 27 वर्षांपर्यंत असल्याने तुमच्या हातात फार वेळ नाही. सध्याच्या अटी आणि अर्जाची तारीख आजच पलटणीच्या ऑफिसातील हेड क्लार्ककडून लिहून घ्या. ही संधी हुकली, तरी पुढे स्पेशल कमिशन्ड ऑफिसर हा जवानांमधून अधिकारी होण्याचा दुसरा मार्ग उरतो.

सहकाऱ्यांच्या बोलण्यात थोडे तथ्य आहे. एसएसबीच्या पाच दिवसांत मानसशास्त्रीय चाचण्या, गटकार्ये आणि मुलाखत असते, आणि गटकार्यात अनेक जवान परवानगीची वाट पाहत मागे उभे राहतात. ती शिस्तीची सवय असते. परीक्षकाला मात्र ती पुढाकाराची उणीव वाटते. पण तुमची जमेची बाजू महाविद्यालयातून आलेल्या कोणत्याही उमेदवाराकडे नाही. तुम्ही दहा जणांचे सेक्शन प्रत्यक्ष चालवले आहे. थकलेल्या माणसाला चालते कसे ठेवले, दोघांतील भांडण कसे मिटवले, गस्तीचा मार्ग ऐन वेळी का बदलला, हे प्रसंग मुलाखतीत न फुगवता सांगा. इंग्रजी वाचन आणि बोलण्याचा सराव रोज हवा. त्याला पर्याय नाही.

सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांचा मार्ग तुमच्यासारखाच होता. कारवारजवळचे राणे 1940 साली बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे सैन्याच्या अभियंता दलात, साधे जवान म्हणून भरती झाले, ब्रह्मदेशात लढले आणि डिसेंबर 1947 मध्ये अधिकारी झाले. त्यानंतर चार महिन्यांतच, एप्रिल 1948 मध्ये, नौशेरा ते राजौरी रस्त्यावरील सुरुंग आणि अडथळे शत्रूच्या माऱ्याखाली, स्वतः जखमी असताना, काढून त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. त्यांना परमवीरचक्र मिळाले. सुरुंग हाताळणाऱ्या माणसांचे काम त्यांनी स्वतः त्या हुद्द्यांवरून केलेले होते, हे त्यांचे चरित्र वाचताना विसरू नका.

आणि नायकाचा हुद्दा हा निव्वळ मधला थांबा समजू नका. रायगड जिल्ह्यातील यशवंत घाडगे नायकच होते. इटलीत 10 जुलै 1944 रोजी मशीनगनच्या माऱ्याने त्यांच्या सेक्शनमधील बाकी सारे कोसळले, तेव्हा ते एकटेच त्या मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले, ठाणे जिंकले आणि तेथेच धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. प्रमोशन कॅडरमध्ये जे शिकवले जाते, ते एसीसीच्या तयारीतही उपयोगी पडते, विशेषतः मॅप रीडिंग आणि तोंडी आदेश देण्याची पद्धत.

प्रश्न: मी कॅप्टन आहे. वरिष्ठांची योजना चुकीची वाटली तर बोलावे की एसीआरचा (वार्षिक गोपनीय अहवालाचा) विचार करून गप्प बसावे?

उत्तर: बोलावे, मात्र ‘मला हे पटत नाही’ एवढ्यावर थांबू नये. सैन्यात अप्रिसिएशन, म्हणजे परिस्थितीचा लेखी आढावा, लिहायला शिकवतात: उद्दिष्ट, परिणाम करणारे घटक, उपलब्ध पर्याय आणि योजना. मतभेदही याच चौकटीत, एका पानात, आदेश निघण्यापूर्वी मांडावा. कोल्हापूरचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात पूर्व विभागाचे प्रमुख असताना त्यांनी 1959 साली नेफाच्या (आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या) संरक्षणाविषयी असेच टिपण दिल्लीला पाठवले आणि 1960 साली लखनौ येथे ‘लाल किल्ला’ या सरावात चिनी आक्रमण कसे होईल व ते रोखायला किती सैन्य लागेल हे मांडून दाखवले. दिल्लीने त्याची पुरेशी दखल घेतली नाही. 1962 साली काय झाले ते सर्वांना माहीत आहे. म्हणजे नीट मांडलेले मतही फेटाळले जाऊ शकते. आदेश एकदा निघाला आणि तो कायदेशीर असला, की तो आपलाच समजून पार पाडावा लागतो, आणि जवानांसमोर ‘वरून आले आहे’ असे म्हणण्याची मुभा नसते. एसीआरवर परिणाम होईलच असे नाही. झाला तर तो सोसावा लागेल, हे गृहीत धरून चाला.

प्रश्न: मी मेजर असून वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजच्या प्रवेश परीक्षेची तयारी करत आहे. सैनिकी इतिहासाची टिपणे पाठ करूनही काही हाती लागल्यासारखे वाटत नाही.

उत्तर: परीक्षेपुरती टिपणे ठेवा, पण एखादी लढाई मात्र नकाशा पसरून पूर्ण वाचा. 1948 सालची, काश्मीर आणि लडाख यांना जोडणाऱ्या झोजीला खिंडीची लढाई घ्या. सप्टेंबरमध्ये खिंड घेण्याचे प्रयत्न फसल्यावर तेथील डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल थिमय्या यांच्यापुढे कोणते पर्याय होते? बुरूज उतरवलेले स्टुअर्ट रणगाडे गुपचूप खिंडीच्या पायथ्याच्या बालटालपर्यंत आणण्याचा निर्णय घेताना कोणता धोका पत्करला गेला, आणि सॅपर्सनी वाट तयार केली नसती तर त्या निर्णयाचे काय झाले असते? हिमवर्षाव तोंडावर असताना 1 नोव्हेंबरचा हल्ला आठवडाभर पुढे ढकलता आला असता का? प्रत्येक ठिकाणी पुस्तक मिटून आधी तुमचा निर्णय कारणांसह लिहा, मग पुढचे पान उलटा. शक्य असेल तर आपल्या कंपनीतील जेसीओंना सँड मॉडेलभोवती (वाळूत तयार केलेल्या भूभागाच्या प्रतिकृतीभोवती) बसवून हेच प्रश्न त्यांनाही विचारा. चढण, वजन आणि थंडी यांविषयी त्यांच्याकडून येणारी उत्तरे टिपणांत सापडणार नाहीत.