बेघरांसाठी निधी उभारायला ३०० किमी चालायचं आहे. तयारी कशी करू?

आधी पैशाचं बघा, पायांचं नंतर. बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थेशी बोलून देणगी थेट त्यांच्याच खात्यात जाईल अशी सोय करा. तुमच्या खात्यातून फिरवलीत, तर हिशेब देताना नाकी नऊ येतील. प्रवासखर्च कोण करतंय तेही आधीच सांगून टाका, लोक विचारतातच.

आता पाय. नवे बूट घालून निघू नका. मी निघालो होतो. दुसऱ्याच दिवशी टाचेला नाण्याएवढा फोड, पुढे चार दिवस लंगडत. चुरचुरायला लागलं की तिथंच थांबून टेप लावा. पाठीवरचं ओझं स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत ठेवा. दिवसाला २० किमी पुरे, आणि मधे एखादा आरामाचा दिवस धराच.