झाड ऐटबाज कधीपासून झालं?

प्रश्न असा आलाय की बागकामाच्या एका मराठी लेखात 'निळा ऐटबाज कुंडीत कसा वाढवावा' असं वाचलं, तर हा ऐटबाज म्हणजे कुठलं झाड आणि नाशकात मिळेल का. आधी मी पोटभर हसून घेतलं, कारण मीही एकदा कुठेतरी 'ऐटबाजांचं घनदाट जंगल' वाचलं होतं आणि डोळ्यासमोर कोट-टोपी घालून मिशीला पीळ देत उभी असलेली पाचशे माणसं आली होती.

तर हे झाड म्हणजे स्प्रूस. इंग्रजीत स्प्रूस म्हणजे थंड मुलखातलं सदाहरित, सुईसारख्या पानांचं झाड, आणि स्प्रूस म्हणजे टापटीप, नीटनेटका असंही. भाषांतर करणाऱ्या मशीनने दुसऱ्याचा अर्थ उचलून पहिल्याच्या गळ्यात घातला, कुणी तपासलं नाही, आणि आता नेटवर मराठीत झाडंच्या झाडं ऐट करत फिरतायत.

पण गंमत पुढेच आहे, हे दोन्ही शब्द मुळात एकाच गावचे. जुन्या काळच्या इंग्रजीत प्रशियाला, म्हणजे बाल्टिक समुद्राकाठच्या जुन्या जर्मन राज्याला, प्रूस म्हणायचे, त्याचंच पुढे स्प्रूस झालं. तो स कुठून आला यावर मतं आहेत, एक मत असं की पोलिश भाषेत 'प्रशियाहून' या अर्थी 'झ प्रूस' म्हणतात ते ऐकून आला असेल. बाल्टिक समुद्राच्या बाजूने व्यापारी इंग्लंडला माल आणायचे, फळ्या, पेट्या, बिअर, कातडं, आणि तो सगळा माल 'स्प्रूसचा'. त्यातल्या कातड्याची बंडी म्हणजे भारी फॅशन, ती घातलेला माणूस झकपक दिसायचा, त्यावरून सोळाव्या शतकाच्या शेवटी स्प्रूस म्हणजे टापटीप असा अर्थ रूढ झाला असं मानतात. आणि तिकडच्या लाकडाचं झाड ते स्प्रूसचं फर (हे फर म्हणजे सुईसारख्या पानांचं झाड, केसाळ कातडं नव्हे), मग नुसतं स्प्रूस.

आपल्याला हे नवीन नाही हो. पैठणी घ्यायला आपण पैठणला जातो का, नाशिकवरून सरळ येवल्याला जातो आणि येवल्याच्या मागावरची साडी आणून कौतुकाने पैठणी म्हणतो. गाव मागे राहतं, नाव मालाला चिकटतं. प्रशियाचं तर गावच गेलं, दोस्त राष्ट्रांनी १९४७ साली ते राज्य अधिकृतपणे मोडीत काढलं, आणि योगायोग बघा, लंडनच्या ट्रफाल्गर चौकात नाताळला नॉर्वेकडून दरवर्षी स्प्रूसचं झाड भेट येतं ती प्रथाही १९४७चीच.

आता माणसाला तरी ऐटबाज म्हणावं का? माझ्या मते नाही. ऐटीत थोडा तोरा असतो, बघणाऱ्याला दाखवणं असतं. स्प्रूस माणूस म्हणजे पेन्शनच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट, भांग चापून, बुटाला पॉलिश करून बँकेत जाणारे आजोबा, त्यांना आपण टापटीप म्हणतो, फार तर टिपटॉप. आणि 'स्प्रूस अप'ला एकच शब्द शोधत बसू नका. सिंहस्थाच्या आधी घाट स्प्रूस अप करतात तेव्हा ती रंगरंगोटी, पाहुणे यायच्या आधी घर स्प्रूस अप करतात तेव्हा ती आवराआवर, आणि नवरदेव करतो तेव्हा ते नटणं.

झाडाला मराठी शब्द काय, हा खरा त्रासाचा भाग. बरेच जण देवदार लिहितात, चूक, देवदार वेगळं झाड. सुरू लिहितात ते तर त्याहून चूक, कोकणच्या किनाऱ्यावरचा सुरू सूचिपर्णी कुळातलाच नाही. हिमालयात स्प्रूसची एक जात आहे, तिला हिमाचलमध्ये राई म्हणतात. पण मराठीत राई म्हणजे झाडी, आमराई, देवराई, म्हणजे 'राईची राई' लिहायची पाळी येईल आणि वाचणारा फोडणीच्या मोहरीकडे जाईल ते वेगळंच. लहानपणी आमच्याकडे सफरचंदाची एक रिकामी लाकडी पेटी होती, रॉकेलचा डबा ठेवायला, हिमाचलवाले तेव्हा अशा पेट्या राई आणि तोसच्या फळ्यांच्या करायचे. तोस म्हणजे फर, स्प्रूसचा चुलतभाऊ. मनालीला गेलात तर एक सुई तोडून बोटांत फिरवून बघा, स्प्रूसची चौकोनी असते म्हणून गरगर फिरते, फरची चपटी, ती अडते. शिवाय स्प्रूसची फळं खाली लोंबतात, फरची फांदीवर उभी राहतात.

कॉलेज रोडला गिटार बघायला गेलो तेव्हा दुकानदार सहज म्हणाला, 'सर, ह्याचा टॉप सॉलिड स्प्रूस आहे.' त्याला मराठी शब्दाची अडचण आली नाही. मीही स्प्रूसच लिहीन, ओक आणि मॅपल चालतात तसं हेही चालेल.

राहिला निळा ऐटबाज. तो ब्लू स्प्रूस, अमेरिकेतल्या रॉकी पर्वतातला, सुयांवर निळसर राख फासल्यासारखी दिसते. निफाडला पारा कितीही खाली जाऊ दे, आपला एप्रिल-मे त्याला सोसायचा नाही. गंगापूर रोडच्या नर्सरीत क्रिसमस ट्री म्हणून मजल्यामजल्याच्या फांद्यांचं जे रोप देतात ते अरौकेरिया, स्प्रूस नव्हे. डिसेंबरात दिवे लावायला ते झकास चालतं, तेच आणा.