‘हृदयाला भोक’ असं लिहिण्याआधी

प्रिय मुली,

मुलांच्या चित्रपुस्तकासाठी लिहिलेल्या तुझ्या गोष्टीचा खर्डा वाचला. नऊ वर्षांची मुलगी, जन्मापासून हृदयाला भोक, शाळेच्या शर्यतीत निळी पडून कोसळते, ऑपरेशन होतं आणि पुढच्या वर्षी तीच शर्यत जिंकते. भाषा छान वाहती आहे. आजार मात्र दोन-तीन वेगवेगळ्या मुलांकडून उसना आणलेला आहे, आणि ज्याच्या छातीवर खरोखर व्रण आहे त्या मुलाला हे दुसऱ्याच पानावर कळेल.

आधी ‘भोक’ बघू. आपण मोठी माणसं हा शब्द सहज वापरतो. सहा-सात वर्षांचं मूल तो ऐकतं तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे गळकी बादली येऊ शकते: रक्त बाहेर सांडतंय, एक दिवस संपणार. प्रत्यक्षात हे भोक आतल्या पडद्याला असतं, म्हणजे डाव्या आणि उजव्या कप्प्यांमधल्या भिंतीला. बाहेर एक थेंबही जात नाही. फुप्फुसांतून ऑक्सिजन घेऊन आलेलं थोडं रक्त त्या वाटेने पलीकडे जातं आणि पुन्हा फुप्फुसांचीच फेरी मारून येतं. हृदयाला तेच काम दोनदा करावं लागतं. एवढं गोष्टीत आलंच पाहिजे. शाळेच्या पुस्तकातले अलिंद-निलय लहान मुलांसाठी नकोत. वरच्या दोन खोल्या, खालच्या दोन खोल्या आणि मधली भिंत, इतकं पुरे.

यातूनच तुझी दुसरी चूक कळेल. साध्या भोकात रक्त डावीकडून उजवीकडे जातं, म्हणून मूल निळं पडत नाही. खालच्या खोल्यांमधलं भोक मोठं असेल तर त्रास तान्हेपणीच दिसतो: दूध पिताना बाळ घामाघूम होतं, मधेच दमून थांबतं, वजन वाढत नाही, छाती सारखी भरते. भोक लहान असेल तर डॉक्टरांना नळीतून आवाज मोठा ऐकू येतो, पण मूल मजेत खेळत असतं आणि पुष्कळदा ते भोक आपोआप बुजतं.

निळी मुलगी हवीच असेल तर फॅलोच्या टेट्रालॉजीबद्दल लिही. त्यात चार गोष्टी एकत्र असतात: खालच्या खोल्यांमध्ये भोक, फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, महाधमनी त्या भोकावर सरकलेली आणि उजव्या खालच्या खोलीची भिंत जाड. असं मूल धावताना दम लागला की थांबतं आणि उकिडवं बसतं. त्याला हे कुणी शिकवलेलं नसतं. तसं बसल्याने पायांकडच्या रक्तवाहिन्या दबतात, शरीराकडे जाणाऱ्या रक्ताला अडथळा वाढतो, मग त्यातलं जास्त रक्त फुप्फुसांकडे वळतं. मैदानात खेळ रंगात आलेला असताना एकटीच उकिडवी बसलेली मुलगी, हे चित्र कोसळण्यापेक्षा कितीतरी बोलकं आहे. अडचण अशी, की आज हे ऑपरेशन साधारणपणे पहिल्या एक-दोन वर्षांतच करतात. नवव्या वर्षापर्यंत का राहिलं, याचं कारण तुला द्यावं लागेल.

तुझ्या गोष्टीला शोभेल ते वरच्या दोन खोल्यांमधलं भोक. ते वर्षानुवर्षं गप्प राहतं. मूल जरा लवकर दमतं, एवढंच. सापडतं कसं? २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणीला येतात. रांगेत उभी मुलं, टेबलावर वजनकाटा, आणि डॉक्टर हिच्याच छातीवर नळी जरा जास्त वेळ ठेवतात. गोष्ट इथून सुरू कर. मात्र नळीतून जादा आवाज आला म्हणजे आजारच, असं लिहू नकोस. अनेक निरोगी मुलांच्या हृदयातही तसा आवाज येतो.

पुढची पायरी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. खोली अंधारी, छातीवर गार जेल, दुखत नाही, आणि पडद्यावर स्वतःचं हृदय हलताना दिसतं. या प्रसंगाला दोन जोडपानं दे. तुझ्या खर्ड्यात त्याला अर्धी ओळ आहे.

या प्रकारचं भोक योग्य जागी असेल आणि कडा पुरेशा असतील, तर छाती न उघडता मांडीच्या सांध्यातल्या शिरेतून बारीक नळी नेऊन छत्रीसारखं बटण बसवतात. मूल एक-दोन दिवसांत घरी जातं. साधारण सहा महिन्यांत हृदयाचं स्वतःचं अस्तर त्यावर चढतं. तेव्हा छातीवर व्रणही दाखवायचा आणि बटणही, असं चालणार नाही. एक काय ते ठरव.

छाती उघडायचीच असेल तर तपशील नीट ठेव. जेवण सहा तास आधी बंद. ‘झोपवतील’ असं मोघम लिहू नकोस. मग मूल रात्री झोपायलाच घाबरतं. ‘भूल’ हा आपला चांगला शब्द आहे. रात्रीची झोप हाक मारल्यावर मोडते, भूल डॉक्टर उतरवतात तेव्हाच उतरते, असा फरक सांग. हृदय थांबवतात ही गोष्टही लपवू नकोस. तेवढा वेळ रक्त फिरवायचं काम यंत्र करतं, हे त्याच वाक्यात सांग. जाग येते तेव्हा घशात नळी असू शकते आणि ती असेपर्यंत बोलता येत नाही. हे आधी न सांगितलेलं मूल समजतं की आपला आवाज गेला. गोष्टीतल्या आईने आणि मुलीने हाताच्या खुणा आधीच ठरवू देत: पाणी, दुखतंय, आई हवी. छातीतून निघणाऱ्या नळ्या, यंत्रांचे आवाज, नंतर व्रणाला सुटणारी खाज, हे सगळं येऊ दे. छातीचं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. तेवढे दिवस दप्तर उचलायचं नाही, सायकल नाही, आणि लहान भावंडासारखं काखेत धरून तिला कुणी उचलायचं नाही.

आता आजीचं वाक्य. ‘ग्रहणात हिच्या आईने भाजी चिरली होती.’ तू ते गंमत म्हणून टाकलं आहेस आणि पुढे त्याला कुणी उत्तरच देत नाही. आपल्याकडे हे खरोखर बोललं जातं आणि मूल ते ऐकत असतं. राहू दे ते वाक्य, पण तीन-चार पानांत उत्तर आलं पाहिजे. हृदयाची घडण गर्भाच्या पहिल्या आठ आठवड्यांत होते, पुष्कळदा आईला दिवस गेल्याचं नीट कळायच्या आतच. भिंत पुरी व्हायची राहिली, कुणी काही केलं म्हणून नाही. हे डॉक्टरांच्या तोंडी घालू नकोस. आईनेच आजीला, स्वयंपाकघरात, मुलगी ऐकत असताना सांगू दे.

आणखी एक भीती मुलं सहसा विचारत नाहीत: हृदय दुरुस्त केलं तर माझी माया बदलेल का? मराठीत ‘मन’ वेगळं आहे याचा फायदा घे. (‘काळीज’ टाळ; खाटकाकडे मिळतं ते वेगळंच असतं.)

चित्रकाराला तीन गोष्टी लिहून दे. आकृतीतलं निळं रक्त खरं निळं नसतं, गडद लाल असतं. निळा रंग वापरलाच तर तसं पानावर लिही. हृदयाची डावी बाजू आपल्याला कागदावर उजवीकडे दिसते, आणि नेमकी इथेच चित्रं चुकतात. सावळ्या मुलाचा निळेपणा ओठ, जीभ आणि नखांवर दाखवायचा, अंगभर जांभळा रंग फासायचा नाही.

शर्यतीचा शेवट काढ. तीस मुलं धावली तर एकोणतीस हरतातच, त्यांची हृदयं धडधाकट असूनसुद्धा. ऑपरेशनने पाय वेगवान होत नाहीत. शिवाय धीट मुलगी बरी होते असं दाखवलंस, तर जी बरी होत नाही ती स्वतःला भित्री समजेल.

किशोरांसाठी लिहायचं तुझ्या मनात आहे, तर तिथे संधिवाताच्या तापाने खराब झालेली झडप घे. हा ताप बहुतेकदा पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना येतो: घसा दुखतो, दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात, पुढे झडप जाते. मग दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, तेही वर्षानुवर्षं, आणि ते चांगलंच दुखतं. कृत्रिम धातूची झडप बसवलेल्या मुलीला रक्त पातळ ठेवायची गोळी रोज, रक्ततपासणी पुन्हा पुन्हा. पालक-मेथीने त्या गोळीचा जोर कमी होतो; म्हणून ती बंद नाही, पण एक दिवस भरपूर आणि आठवडाभर काहीच नाही, असं चालत नाही. पाळीत रक्तस्राव जास्त होतो. पुढे गरोदरपणाचा प्रश्न त्याच गोळीमुळे अवघड होतो. ब्लाउजचा गळा किती खोल शिवायचा आणि स्थळ आल्यावर सांगायचं कधी, यावर घरात होणारी कुजबुज तुला कुठल्याही वैद्यकीय पुस्तकात सापडणार नाही. ती तुला बायकांशी बोलूनच मिळेल.

पुढच्या वेळी नुसता मजकूर पाठवू नकोस. आठ कागद मधोमध दुमडून एकात एक घाल, ३२ पानं होतात. पहिली चार नावनिशीला सोड. मजकूर पाचशे शब्दांच्या आत. बटण किंवा ऑपरेशन विसाव्या पानाच्या आत उरकू दे, म्हणजे घरी परतल्यावरच्या कंटाळ्याला जागा राहील. ती डमी आधी बालहृदयरोगतज्ज्ञाला दाखव, चित्रांसकट. मग वॉर्डातल्या एखाद्या जुन्या सिस्टरला. सगळ्यांत शेवटी, आईवडिलांना विचारून, व्रण असलेल्या एखाद्या मुलाला वाचून दाखव आणि ते कुठल्या पानावर मागे उलटतं ते पेन्सिलने टिपून ठेव.

कळावे.