अब्बांच्या गल्ल्यावर कोण बसणार?

ताई, मी २९ वर्षांची. आम्ही कोकणी मुसलमान. रे रोडला अब्बांची लाकडाची वखार आहे. सहा वर्षं हिशोब, जीएसटी, माल उतरवून घेणं मीच बघते. ओंडक्यावर ठोकलं की आत पोकळ आहे का, आवाजावरून कळतं मला. तरी चेकवर सही अब्बांची, आणि गिऱ्हाईक मलाच विचारतं, "शेठ कुठे आहेत?" भाऊ दोह्याला नोकरीत. चाचा म्हणतात, हे बाईमाणसाचं काम नव्हे. अब्बा गप्प. विचारू की थांबू?

थांबू नकोस, बाळ. ओंडका वाजवून बघायला तुला शिकवलं कुणी? अब्बांनीच ना? लेकीच्या हाती धंदा द्यायचाच नसता, तर त्यांनी एवढं शिकवलं नसतं. त्यांचं गप्प राहणं मला नकार वाटत नाही. सख्ख्या भावासमोर, म्हणजे चाचांसमोर बोलायला जीभ रेटत नसावी. तुला ते किती लागतं, तेही समजतं मला.

पण त्यांच्या मनात असून भागत नाही. एकट्याच्या मालकीच्या धंद्याचा जीएसटी नंबर त्यांच्या पॅनवर असतो, तो वारसाला मिळत नाही. मृत्युपत्रावरही विसंबू नकोस. शरीयतप्रमाणे एका वारसाच्या नावे मृत्युपत्र केलं तर बाकीच्या वारसांची संमती लागते. आणि वाटणीत भावाचा हिस्सा तुझ्या दुप्पट. म्हणून जे करायचं ते अब्बांच्या हयातीतच. भागीदारी करार करा, भावालाही घ्या. दोघांचीच भागीदारी एक गेला की संपते. तिघे असाल, आणि एकाच्या पश्चात फर्म चालू राहील असं करारात लिहिलं असेल, तर वखार बंद पडत नाही. जागा पोर्ट ट्रस्टची, म्हणजे आताच्या मुंबई पोर्ट ऑथॉरिटीची असेल तर भाडेपट्टा कुणाच्या नावावर आहे, तेही वकिलाला आधीच दाखव.

भावाला मात्र वकिलाआधी फोन कर. त्याला हे तुझ्याच तोंडून कळू दे.

चाचांशी वाद घालू नकोस, ते काम अब्बांचं. २०१७ साली आदी गोदरेज यांनी गोदरेज कन्झ्युमरचं अध्यक्षपद स्वतः असतानाच लेकीकडे, निसाबांकडे सोपवलं. वखार लहान असली तरी बापाचा शब्द तिथेही तसाच चालतो.

शुक्रवारी नमाज आटोपून अब्बा निवांत बसले की एवढंच माग: पुढचा माल उतरेल तेव्हा व्यापाऱ्यासमोर म्हणा, "भाव हीच ठरवेल." काय म्हणाले ते मला नक्की कळव.